बांगलादेशचा गहू वाचवतंय भूमध्य समुद्राकाठचं रानगवत. पण ही ढाल किती टिकेल?

फेब्रुवारी २०१६मध्ये बांगलादेशातल्या गव्हाच्या ओंब्या अचानक पांढऱ्या पडू लागल्या. आत दाणाच भरत नव्हता. सुमारे १५ हजार हेक्टरवरच्या गव्हाला फटका बसला. कारण होतं ‘व्हीट ब्लास्ट’, म्हणजे गव्हावरचा करपा. १९८५मध्ये ब्राझीलमध्ये पहिल्यांदा दिसलेला हा बुरशीजन्य रोग तोवर दक्षिण अमेरिकेबाहेरच्या शेतात आढळला नव्हता. त्याचा धसका भारतानेही घेतला. पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद आणि नदिया या सीमावर्ती जिल्ह्यांत गव्हाच्या पेरणीवर बंदी आली.

२०१७मध्ये बांगलादेशने ‘बारी गोम ३३’ हे करप्याला दाद न देणारं वाण आणलं. त्याची ताकद आली कुठून? ‘एजिलॉप्स व्हेंट्रिकोसा’ या रानगवताकडून.

गव्हाचं हे दूरचं भावंड स्पेन, इटली, उत्तर आफ्रिकेत उगवतं. गव्हात ४२ गुणसूत्रं, यात २८. त्यामुळे थेट संकर जमत नाही. १९६०च्या दशकात फ्रेंच संशोधकांनी मध्ये दुसऱ्या एका गव्हाचा पूल वापरून ते साधलं. मजा म्हणजे, त्यांना करप्याशी देणंघेणंच नव्हतं. त्यांना हवा होता खोड कुजवणाऱ्या रोगावर उपाय. सोबत आलेला ‘२एनएस’ हा गुणसूत्राचा तुकडा तांबेऱ्यावरही चालतो म्हणून जगभरच्या गव्हात पसरला. तो करपाही रोखतो, हे पुष्कळ नंतर कळलं.

मग अडचण काय?

अडचण अशी, की करप्याविरुद्धची बहुतेक वाणं याच एका तुकड्यावर विसंबून आहेत. भारतात ‘डीबीडब्ल्यू १८७’मध्येही तोच आहे. त्याचं संरक्षण पूर्ण नाही. मूळ वाण आणि हवामानानुसार ते कमी-जास्त होतं. दक्षिण अमेरिकेत तर त्याला न जुमानणारी बुरशी सापडली आहे. हे अनपेक्षित नाही. याच तुकड्यातल्या पिवळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या जनुकाला उत्तर युरोपातल्या बुरशीने १९९०च्या दशकातच निष्प्रभ केलं होतं.

‘आरएमजी ८’ हे दुसरं जनुक खुद्द गव्हातच सापडलं आहे. दोन्ही एका वाणात आणली, तर बुरशीला एकाच वेळी दोन अडथळे पार करावे लागतील. पण नवं वाण तयार होऊन शेतात पोहोचायला अनेक वर्षं जातात. तोवर सीमेपलीकडून येणाऱ्या बियाण्यावरची नजर ढिली करणं भारताला परवडणारं नाही.