एकच वही, दोन घरी



आमची थोरली बहीण आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर येथे दिली आहे. कापूस व तूर पिकविणारे शेतकरी कुटुंब. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी थोडीबहुत गोंडी, असा त्यांचा नित्याचा व्यवहार. नाताळच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा थोरला भाचा खिन्न दिसला. विहिरीवरची मोटार सुरू करण्यास तो वाकला असता खिशातील मोबाइल पाण्यात पडला होता.

“मामा, मोबाइल काय, पुन्हा घेता येईल,” तो म्हणाला, “पण आजीच्या ओव्या त्यातच होत्या.”

आजीने अखेरच्या वर्षी जात्यावर बसून म्हटलेल्या त्या ओव्या त्याने मुद्रित करून घेतल्या होत्या. आजी आता नाही, आणि तिचा आवाजही गेला. त्याने तो जपून ठेवला नव्हता असे कोणी म्हणणार नाही. जपून ठेवला होता. परंतु एकाच ठिकाणी जपून ठेवला होता. सारी चूक एवढीच.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. याच नार्नूर मंडलात गुंजाला नावाचे गोंडांचे गाव आहे. तेथे २००६ साली हैदराबाद विद्यापीठाचे प्राध्यापक जयधीर तिरुमलराव यांच्या चमूला गोंडी भाषेच्या एका निराळ्या लिपीतील सुमारे डझनभर हस्तलिखिते मिळाली. त्यांतील जुन्यांत जुने लेखन १७५० च्या सुमाराचे असावे असे अभ्यासक मानतात. ही लिपी वाचू शकणारी वृद्ध माणसे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. घराला आग लागली असती किंवा एखाद्या पावसाळ्यात छप्पर गळले असते, तर एका समाजाची अक्षरे जगास ठाऊक न होताच संपली असती. पुढे जून २०१८ मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावाने या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आणि आज तिचा फाँट कोणालाही विनामूल्य घेता येतो. जे एका गावातील पेट्यांत होते, ते आता असंख्य ठिकाणी आहे. म्हणून ते सहजी नाहीसे होणार नाही.

मग आपल्या घरच्या ठेव्याचे काय? पट्टादार पासबुकाचे छायाचित्र, मुलांचे दाखले, लग्नाचे फोटो, वडिलांचा आवाज हे सारे आज बहुधा एका मोबाइलमध्ये असते. कित्येक जण ते मोठ्या कंपन्यांच्या कोठारात ठेवतात. ती सोय वाईट नव्हे. परंतु कोठार परक्याचे, आणि त्याचे नियम तोच ठरविणार. गूगलच्या कोठारात थोड्या कमी प्रतीची छायाचित्रे वाटेल तितकी मोफत ठेवता येत असत; १ जून २०२१ पासून ती सवलत संपली, व मोफत जागेला १५ जीबीची मर्यादा आली. शिवाय तेथवर पोहोचण्यास दर वेळी इंटरनेट हवे.

भाचीने वेगळा मार्ग दाखविला. ती नागपुरास परिचारिकेचे शिक्षण घेते. तिच्यापाशी एक जुना लॅपटॉप आहे. तिने त्यावर व भावाच्या नव्या मोबाइलवर ‘सिंकथिंग’ नावाचे सॉफ्टवेअर बसविले. याकोब बोर्ग या स्वीडिश गृहस्थांनी ते २०१३ साली प्रथम लोकांपुढे ठेवले. त्याला पैसे पडत नाहीत व कोठे खातेही उघडावे लागत नाही. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो. तो दुसऱ्या यंत्रात घालावयाचा आणि दोन्ही बाजूंनी होकार द्यावयाचा; एका बाजूच्या होकाराने काम होत नाही. मग जो फोल्डर आपण निवडू, त्याचा मेळ दोन्हीकडे राखला जातो. मोबाइलमध्ये फोटो काढला की तो लॅपटॉपमध्ये जातो. लॅपटॉपमध्ये हिशेबाची फाइल सुधारली की सुधारणा मोबाइलमध्ये येते. मोठ्या फाइलीचे लहान लहान तुकडे पाडून बदललेले तुकडेच पाठविले जातात. दोन्ही यंत्रे घरातील एकाच वाय-फायवर असली, तर बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी अडत नाही. यंत्रे दूर असली, तर इंटरनेटवरून माल कुलूपबंद होऊन जातो. वाटेतील कोणास तो वाचता येत नाही. मात्र दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू असावी लागतात, हे ध्यानात ठेवावे.

हे सॉफ्टवेअर ‘मुक्त स्रोत’ आहे, म्हणजे ते ज्या लेखनावर चालते ते लेखन सर्वांस खुले आहे. याचा आपणांस काय उपयोग, असे कोणी विचारील. शेजारणीने लोणच्याची कृती मोकळेपणाने सांगितली असेल, तर ती गाव सोडून गेली तरी लोणचे चालूच राहते, तसेच हे. मूळ मंडळींनी अँड्रॉइड मोबाइलसाठी काढलेले ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबविले. परंतु त्याच खुल्या लेखनावरून इतरांनी तयार केलेले ‘सिंकथिंग-फोर्क’ लोकांच्या हाती होतेच. भाचीने मोबाइलवर बसविले ते हेच.

आता एक इशारा, आणि तो फार महत्त्वाचा आहे. मेळ राखणे म्हणजे तिजोरी नव्हे. एका यंत्रात फोटो चुकून पुसला, तर दुसरे यंत्र आज्ञाधारकपणे तोही पुसून टाकते. यासाठी या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याकडून आलेल्या बदलामुळे पुसल्या जाणाऱ्या फाइली काही काळ बाजूस राखून ठेवण्याची सोय आहे. परंतु ती आपण स्वतः सुरू करावी लागते. लॅपटॉपवर ती सुरू केल्याशिवाय उठू नये. दोघांनी एकच फाइल एकाच वेळी बदलली, तर दोन्ही प्रती वेगवेगळ्या नावांनी राहतात. कोणती खरी, हे आपण शांतपणे पाहून ठरवावे. आणि एवढे करूनही महिन्यातून एकदा तिसरी प्रत पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या घरी, मामाकडे म्हणा वा काकांकडे म्हणा, ठेवावी. चोरी, आग व पूर ही संकटे घरातील दोन्ही यंत्रांवर एकदमच येतात.

सारे जोडून झाल्यावर भाची आपल्या लॅपटॉपमध्ये काही शोधीत बसली. आजीच्या ओव्यांपैकी एक भावाने कधी काळी तिला पाठविली होती. ती तेथे सापडली. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच. ती एक फाइल तिने फोल्डरमध्ये टाकली, आणि क्षणभरात भावाच्या मोबाइलवर ती उतरली. ताई चुलीपासून उठून बाहेर आली व दारातच उभी राहून ऐकत राहिली. कोणी काही बोलले नाही.

वाचकहो, येत्या रविवारी दुपारी घरातील एखाद्या जाणत्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि एवढेच विचारा, “आपल्या घरातील कोणती वस्तू एकाच ठिकाणी आहे?” जे नाव प्रथम ओठांवर येईल, त्याची दुसरी प्रत त्याच दिवशी करा. घरातील वडीलधारे अद्याप बोलत आहेत, गात आहेत, तोवरच हे काम व्हावे.