लिंबूटिंबूलाही जागा द्या



परवा सांगोल्याला भावाकडे गेले होते. दिवेलागणीची वेळ. वहिनी डाळिंबाच्या बागेतलं छाटणीचं काम उरकून नुकतीच घरी आली होती. बाहेर कट्ट्यावर तीन पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. "मागनं ये, मागनं ये!", "आरं गोळ्या संपल्या माझ्या!" असा नुसता गलका. माझी भाची, यंदा बारावीला, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. हात सुपात आणि डोळे कट्ट्यावर. तिच्या भावानं हाक मारली, "ये ताई, चौथं कोण न्हाई, ये की." ती म्हणाली, "नगं."

नंतर तिला एकटीला गाठून विचारलं, "खेळायचं मनात आहे ना तुझ्या?"

"हाय की आत्या. पण मला काय जमत न्हाई. माझ्यामुळं हारत्यात, मग हसत्यात."

वाचकहो, ही भीती गोळीची नाही आणि शत्रूचीही नाही. ती आपल्याच गड्यांची आहे. खो-खोच्या मैदानाच्या कडेला उभी राहून मी स्वतः कधीकाळी हेच म्हटलं होतं. म्हणून आजचा मजकूर या खेळावर. आया-बापांना वाटेल, या बाईला दुसरा विषय मिळाला नाही का? पण ज्या घरात एक मोबाईल आहे, त्या घरात हा विषय पोहोचलेला आहे.

खेळाचं नाव बीजीएमआय. म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया. आधी त्याला पबजी म्हणत. कोरियाच्या कंपनीचा खेळ. इथं त्याच्या नादाची तक्रार इतकी झाली, की २०१९ साली एका ११ वर्षांच्या मुलानं तो बंद करावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला होता. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं पबजीवर बंदी घातली. २०२१ च्या जुलैत तोच खेळ नव्या नावानं आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आला. पोरांच्या तोंडी मात्र अजून "पबजी"च आहे. आपल्याकडे ज्यांचे मोबाईल साधे आहेत, ते बहुधा फ्री फायर मॅक्स खेळतात. त्यात ५० जण असतात आणि डाव दहा-एक मिनिटांत आटोपतो.

बीजीएमआयचा मोठा डाव १०० जणांचा. चौघाचौघांच्या तुकड्या. सगळे एका विमानातून छत्री घेऊन उडी मारतात, खाली पडलेल्या घरांतून बंदुका, औषधं, शिरस्त्राण गोळा करतात, आणि शेवटी जी तुकडी उरेल ती जिंकली. रान ८ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद. पण एका जागी दडून बसता येत नाही, कारण भोवतीचं निळं रिंगण सारखं आवळत येतं. रिंगणाबाहेर राहिलात तर जीव घटत जातो.

भावाच्या शेजारचे एक म्हातारे दादा म्हणाले, "बुद्धाचं नाव घेणाऱ्या घरात बंदुका कशाला?" प्रश्न खोटा नाही, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढंच सांगते, की इथल्या आवृत्तीत रक्त लाल नाही, हिरवं दाखवतात. २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत हा खेळ पदकासाठी होता, तिथं तर माणसांवर नेम धरायचाच नव्हता, नुसत्या निशाणांवर धरायचा होता. म्हणजे खेळवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडलेला दिसतो. ज्या घराला पटत नाही, त्यांनी खुशाल नको म्हणावं. पण ज्या घरात पोरगं रोज खेळतंय, तिथं पोरगी फक्त भीतीपोटी उंबऱ्यात बसणार असेल, तर ते मला पटत नाही.

आपल्या लहानपणी सूरपारंबी असो की लपंडाव, सगळ्यात लहान पोराला लिंबूटिंबू करायचे. त्याच्यावर राज्य येत नसे. तो बाद झाला तरी धरत नसत. पण तो खेळात असे, आणि पाहता पाहता एक दिवस त्याचं लिंबूपण सुटे. मला मौज वाटली ती ही, की या मोबाईलच्या खेळातही लिंबूटिंबूची सोय करून ठेवली आहे. नव्या खेळाडूला सुरुवातीला जे शत्रू भेटतात, त्यांतले पुष्कळसे माणसं नसतातच. ती यंत्रानं चालवलेली बाहुली असतात. पोरं त्यांना 'बॉट' म्हणतात. ते वेंधळ्यासारखे समोर उभे राहतात, नेमही धड धरत नाहीत. पायरी वर चढेल तसे ते कमी होतात. शिवाय सरावाचं वेगळं मैदान आहे. तिथं हव्या त्या बंदुका उचला, हव्या तेवढ्या गोळ्या झाडा, हसायला कोणी नाही. चार विरुद्ध चार असा छोटा सामनाही असतो. त्यात मेलं तरी लगेच जिवंत होऊन परत खेळात. चाळीस गडी आधी टिपतील ते जिंकले. पहिले आठ दिवस एवढंच करावं.

मी हे ऐकीव सांगत नाही. त्या रात्री भाच्यानं मोबाईल माझ्याच हातात दिला. मी एका घरात शिरले आणि मला दार सापडेना! भिंतीला धडका देत होते, तोवर बाहेरून कोणीतरी आलं आणि माझा कारभार आटोपला. पोरं लोळून हसली. मीही हसले. पण भाची हसता हसता माझ्याजवळ सरकून बसली. आत्याला जमत नाही म्हटल्यावर तिला धीर आला असावा.

मग आम्ही दोघींनी भाच्याकडून एकेक गोष्ट समजून घेतली. विमानातून उडी मारताना आपल्या गड्याच्या मागोमाग जायचं एक बटण असतं. ते दाबलं की छत्री आपोआप त्याच्या पाठीपाठी उतरते. अंधारात आईचा पदर धरून चालावं तसं. नव्या माणसानं पहिला महिनाभर हे बटण सोडू नये. पोचिंकीसारख्या मोठ्या गावात उतरायचा मोह टाळावा, तिथं पहिल्या दोन मिनिटांत कापाकापी होते. कडेच्या दोन-चार घरांत उतरावं. कानाला हेडफोन असला तर शत्रूची पावलं ऐकू येतात. नसला तरी कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर पावलांची खूण उमटते. ज्या मुलाला कमी ऐकू येतं, त्यालाही म्हणूनच हा खेळ खेळता येतो. हे मला फार आवडलं.

नेम धरता येत नाही? चालेल. नेम महिन्याभरानं येतो. तोवर दुसरं काम घ्यावं, आणि ते काम लहान नाही. गोळी लागून गडी खाली पडला की तो लगेच मरत नाही. रांगत राहतो आणि त्याचा जीव थेंबाथेंबानं गळत असतो. कोणीतरी शेजारी जाऊन काही सेकंद थांबलं तर तो उठतो. त्या काही सेकंदांत दोघंही उघड्यावर असतात, म्हणून आधी धुराचा गोळा टाकायचा आणि धुराच्या आडोशानं उठवायचं. धीट पोरं मारण्याच्या नादात हे विसरतात. आपल्या नव्या खेळाडूनं पाठीवरच्या पिशवीत धुराचे गोळे आणि औषधं भरून घ्यावीत. नुसत्या पट्ट्या किंवा प्रथमोपचाराची पेटी वापरून जीव शंभरातला ७५ पर्यंतच भरतो, मोठ्या पेटीनं मात्र पुरे शंभर भरतात. ती कुठं दिसली तर सोडू नये. कबड्डीत समोरचा गडी बाद झाला की आपला बसलेला गडी जिवंत होऊन आत येतो. इथं कोणी बाद व्हायची वाट पाहावी लागत नाही, आपणच जाऊन उठवायचं.

इथवर सगळं सोपं. अवघड गोष्ट रात्री अंथरुणावर पडल्यावर कळली.

भाची यापूर्वी एकदा खेळली होती. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊ घरी नसताना, एकटीच. चौथा नसला की खेळ अनोळखी गडी जोडून देतो. तसे तिला तिघं अनोळखी मिळाले. माइक चालू होता. मुलीचा आवाज ऐकून एकानं विचारलं, कुठली? ती म्हणाली, सांगोला. मग, नाव काय? तिनं नाव सांगितलं. "पूर्ण नाव सांग." तिनं आडनावही सांगितलं. त्यावर जो शब्द आला तो शिवी नव्हता. आपल्या जुन्या जातीचं नावच होतं, पण शिवीसारखं उच्चारलेलं. बाकीचे दोघे हसले. तिनं मोबाईल बंद केला, खेळ काढून टाकला आणि घरात कोणाला काही सांगितलं नाही. वर्ष होत आलं. "जमत न्हाई" म्हणत होती ती यासाठी.

मी काही वेळ गप्पच राहिले. शाळेतल्या हजेरीत आडनाव ऐकून वळून पाहणारी तोंडं मला आठवली. मला वाटलं होतं, जिथं चेहरा दिसत नाही, गाव दिसत नाही, तिथं तरी हे नसेल.

तर मुलामुलींनो, हे लक्षपूर्वक वाचा. माइक चालू ठेवण्याची सक्ती नाही. फक्त ऐकण्याची सोय आहे, तीही नको असेल तर बंद करता येते. बोलण्याच्या जागी तयार वाक्यांची यादी असते. "शत्रू समोर आहे", "मला गोळ्या हव्यात" अशी. बोट लावलं की निरोप गेला. नकाशावर खूण करून जागा दाखवता येते. अवघा डाव एक शब्द न बोलता खेळता येतो. माइक लावलाच तर आवाज 'ऑल'वर नको, 'टीम'वर ठेवा. खेळातल्या नावात आपलं आडनाव, गाव, शाळा घालू नका, आणि "पूर्ण नाव" विचारणाऱ्याला उत्तर देणं लागत नाही. कोणी घाण बोललाच तर त्याची तिथंच तक्रार करायचं बटण आहे, ते दाबा आणि घरी सांगा. पण हे सगळं सांगूनही माझं खरं म्हणणं वेगळं आहे. पहिले डाव अनोळखी लोकांबरोबर खेळूच नका. एका कट्ट्यावर चौघं मांडीला मांडी लावून बसा. माइकची गरजच काय?

आणि जुन्या खेळाडूंनो, तुम्हाला दोन शब्द कडक. नवा गडी मेला की त्याला 'नूब' म्हणून चिडवता. तुमचं स्वतःचं पहिलं महिनाभराचं खेळणं आठवून पाहा. तुमची पायरी ब्राँझवरून चढून क्राउनला गेली असेल, त्याचा मान आहेच. पण नव्याला घेऊन खेळलात आणि चार गुण कमी झाले, तर काय बिघडलं? तिसऱ्या डावानंतर कोण चुकलं ते सांगा, पहिल्या डावात सांगू नका. आणि मुलीच्या हातातून मोबाईल ओढून "थांब, मी दाखवतो" म्हणू नका. तोंडानं सांगा.

आई-वडिलांसाठी थोडक्यात. खेळ फुकट आहे. पैसे लागतात ते रंगीबेरंगी कपड्यांना आणि बंदुकीच्या नक्षीला. त्यानं नेम सुधारत नाही, तेव्हा एक रुपयाही देऊ नका. आपल्या मोबाईलवर पैशाची कार्डं जोडून ठेवू नका. २०२३ मध्ये खेळ परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा घातली होती. माझ्या मते बारावीच्या पोरीला एक तास पुष्कळ झाला, आणि पोरालाही तेवढाच. पैसे लावून खेळायचे रमी वगैरे प्रकार वेगळे. त्यांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धेच्या खेळांना मान्यता दिली. म्हणून "यातच नोकरी करतो" असं पोरगं म्हणू लागलं तर त्याला सांगा, की यावर पोट भरणारे फार थोडे. खेळ म्हणून खेळ.

असो. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कट्ट्यावर चौघं बसली. चौथी भाची. भाच्यानं आपल्या गड्यांना रात्रीच काय ते सांगून ठेवलं असावं, कारण कोणी हसलं नाही. पहिल्या डावात ती लवकर गेली. दुसऱ्यातही गेली. तिसऱ्यात शेवटच्या आठ तुकड्या उरल्या असताना तिचा भाऊ टेकडीच्या उतरणीला पडला. "सोड मला, पळ!" तो ओरडला. ती पळाली नाही. धूर टाकला, शेजारी बसली. पडद्यावर नुसता पांढरा धूर, काही दिसेना. मग त्या धुरातून दोघं बाहेर पडली.

डाव काही जिंकला नाही, पाचवे आले. जिंकल्यावर पडद्यावर 'चिकन डिनर' असं येतं म्हणे. आतून वहिनीनं ते ऐकलं आणि म्हणाली, "कोंबडी कोण आणणार हाय ते आधी ठरवा. आन् ताई, तांदूळ तसंच पडल्यात."

"एक डाव, आई," भाची म्हणाली. नजर वर न करता.