सेटिंग दुसऱ्याच्या हातात, तर मोबाइल कुणाचा?



'मोबाइलचं सेटिंग हा काय चळवळीचा विषय झाला का?' असं आपल्यातलेच काही ज्येष्ठ विचारतात. विचारणाऱ्यांबद्दल आदर आहे, पण मला हा प्रश्नच पटत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, एवढंच निमित्त होतं. जून २०२३ मध्ये आपल्या कोल्हापुरात काही मोबाइल स्टेटसवरून वातावरण तापवलं गेलं. ७ जूनला बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि पाठोपाठ इंटरनेट बंद झालं. रिंगटोन हे सेटिंग आहे, स्टेटस कुणाला दिसावं हेही सेटिंग आहे, आणि अख्ख्या जिल्ह्याचं नेट चालू ठेवायचं की नाही हे सरकारच्या हातातलं सेटिंग आहे. ज्यांच्या जिवावर आणि शिक्षणावर या गोष्टी येतात, त्यांनी त्याकडे 'टेक्निकल' म्हणून पाठ फिरवायची का?

कोल्हापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपल्याला पाठ आहे. पण त्यांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले, याची आठवण आपण क्वचित काढतो. ते का केलं? गावाची दप्तरं ज्याच्या हातात, त्याच्या हातात गाव होतं. दप्तरात काय लिहिलंय हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवणारा सांगेल तेच खरं मानावं लागत होतं. वतन गेलं, पण ती रचना गेली का? आज आपल्या पोरांची दप्तरं मोबाइलमध्ये आहेत. आधार, जातीचा दाखला, जात पडताळणी, महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वाधार योजना, बँक, सगळं तिथेच. आणि ते उघडायची किल्ली पुष्कळदा दुसऱ्याच्या वहीत असते.

वस्तीत काम करताना हा प्रकार मी वारंवार पाहते. अकरावीतली मुलगी नेट कॅफेत जाते. कॅफेवाला तिचा ईमेल काढून देतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो, रिकव्हरीला स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो आणि सगळं वहीत लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायचं असतं, तेव्हा कॅफे बंद झालेला असतो किंवा वही हरवलेली असते. आधारला जोडलेला नंबर बापाच्या जुन्या सिमचा असतो, ते सिम रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेलं असतं, त्यामुळे ओटीपी येत नाही. मुदत संपते, कॉलेज फी मागायला लागतं. शिष्यवृत्ती कुणी नाकारली? कुणीच नाही. कागदावर ती मंजूरच आहे. पूर्वी शाळेच्या दारात अडवणारा माणूस दिसत तरी होता.

कॅफेवाल्याला किंवा सेवा केंद्रवाल्याला शिव्या घालायला हे लिहीत नाही. तो पुष्कळदा आपल्याच वस्तीतला, आपलाच भाऊ असतो, आणि तीस-पन्नास रुपयांत तो जे काम करून देतो ते सरकारी कार्यालयात चार खेटे घालूनही होत नाही. त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. अर्ज त्याच्याकडून भरून घ्या, पण पासवर्ड स्वतः टाइप करा, रिकव्हरीला स्वतःचा नंबर द्या आणि उठताना त्या कॉम्प्युटरवरून लॉगआउट करा. तुमचे पासवर्ड त्याच्याकडे नसले, तर उद्या काही गडबड झाल्यावर त्याच्यावरही आळ येत नाही.

आता नेट जोडणीकडे येऊ. नवीन सिम घातलं, रेंज आहे, फोन लागतो, पण नेट चालत नाही. अशा वेळी मोबाइल दुकानदाराकडे जातो आणि तो दोन मिनिटांत काहीतरी करून शंभर रुपये घेतो. तो काय करतो हे सांगते. आधी विमान मोड चालू करून बंद करतो, म्हणजे फोन टॉवरला नव्याने जोडला जातो. मग दोन सिमपैकी डेटा कोणत्या सिमवर ठेवलाय ते बघतो. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर आहे का ते बघतो, कारण तारीख चुकलेली असेल तर सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. त्यानंतर मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन 'ॲक्सेस पॉइंट नेम' म्हणजे एपीएन तपासतो. कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटवर जायचा हा दरवाजा. जिओचा 'जिओनेट', एअरटेलचा 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', बीएसएनएलचा 'बीएसएनएलनेट'. इंग्रजीत, लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायचं. तिथेच 'मूळ सेटिंग परत आणा' असा पर्याय असतो, तो दाबला तरी बहुतेक वेळा काम होतं. कुणीतरी 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये नाव टाकून ठेवलं असेल आणि ते बंद पडलं असेल, तरी नेट अडतं. ते 'ऑटोमॅटिक' करायचं. एवढं करूनही जमलं नाही तर 'नेटवर्क सेटिंग रिसेट'. त्यात वायफायचे साठवलेले पासवर्ड जातात, फोटो किंवा नंबर जात नाहीत. शंभर रुपयांची विद्या एवढीच आहे. पण शेतमजूर बाईची ती अर्ध्या दिवसाची मजुरी असू शकते.

डेटाचंही तसंच. रोजचा दीड जीबी दुपारीच संपतो आणि संध्याकाळी अभ्यासाचा व्हिडिओ अडकतो, अशी तक्रार घरोघरी आहे. व्हॉट्सॲपमध्ये 'स्टोरेज आणि डेटा'त जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. (सकाळच्या सुप्रभात संदेशांनी खाल्लेला डेटा मोजला तर आपण हादरू, आणि त्यात आपले जयंतीचे बॅनरही आलेच!) घरी जुना कॉम्प्युटर असेल तर मोबाइलला यूएसबी केबल लावून टेदरिंग करता येतं, पण विंडोजमध्ये ती जोडणी 'मीटर्ड' अशी खूण करून ठेवा. नाहीतर कॉम्प्युटर गुपचूप अपडेट उतरवत बसतो आणि दिवसाचा डेटा अर्ध्या तासात संपतो. घरी वायफाय घेतलं असेल तर राउटरचा मूळ पासवर्ड बदलायलाच हवा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की बहुतेक राउटरचं पान उघडतं, आणि 'ॲडमिन' हा पासवर्ड तसाच ठेवलेला असेल तर जोडणीत शिरलेला कुणीही तुमचं सेटिंग बदलू शकतो.

आणि हे घरातल्या कुणाला शिकवायचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं आढळलं, तर बायकांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होतं. आपली घरं याला अपवाद आहेत, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मंचावर सावित्रीमाईंचं नाव घ्यायचं आणि घरी बहिणीच्या मोबाइलचा पासवर्ड भावाने ठरवायचा, हे चालणार नाही. केरळात एका विद्यार्थिनीने वसतिगृहातली संध्याकाळची मोबाइलबंदी मानायला नकार दिला, तिला वसतिगृहातून काढलं, ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. मुलींच्या वसतिगृहांत हा निकाल माहीत असायला हवा.

मात्र सगळं आपल्या सेटिंगवर अवलंबून आहे, हा भ्रमही नको. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात एपीएन कितीही बरोबर असता तरी मोबाइलवर नेट आलं नसतं. दंगल थांबवायला नेट बंद केलं, असं सांगितलं जातं. अफवा पसरतात हे खरंच आहे. पण नेट बंद झालं की अफवा खोडून काढणाराही गप्प होतो. भीतीत असलेल्या कुटुंबाला आपला माणूस कुठे आहे ते व्हॉट्सॲपवर कळत नाही, आणि हल्ल्याचा व्हिडिओ वेळेत बाहेर जात नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही जाहिरात छापली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून आपल्या माणसांचं म्हणणं छापून तरी आलं. आवाजाची वाट दुसऱ्याच्या ताब्यात असली की काय होतं, याचा अनुभव आपल्याला शंभर वर्षांचा आहे.

म्हणून नियम माहीत करून घ्या. २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्यात नेट बंद करण्याचा आदेश गृहसचिवांनी लेखी, कारणं देऊन काढायचा होता, आणि कामकाजाच्या पाच दिवसांत समितीने तो तपासायचा होता. २०२० च्या दुरुस्तीने १५ दिवसांची कमाल मर्यादा घातली. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे आदेश जाहीर झाले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. २०२४ मध्ये जुन्या नियमांच्या जागी नवे नियम आले, त्यांतही आदेश जाहीर करणं बंधनकारक आहे. तोंडी सूचनेवर नेट बंद होत नाही, निदान व्हायला नको.

आमच्या विहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास मोबाइलचा वर्ग घेतो. दहावी-बारावीची मुलं शिकवतात आणि आया-आज्या शिकतात. पुढच्या रविवारी एपीएन आहे, त्याच्या पुढच्या रविवारी माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते. जून २०२३ मधला नेटबंदीचा आदेश आणि समितीचा त्यावरचा अहवाल यांची प्रत मागायची आहे. सहा-सात सह्या लागतील. ज्यांना करायची आहे त्यांनी दुपारी चारच्या आत या, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह.