अकरावीत सुटलेले गणित

पदवीच्या अखेरच्या वर्षाचा निकाल हाती पडला की आपल्या जिल्ह्यातील अनेक तरुण पुन्हा एकदा महाविद्यालयाच्या कचेरीच्या खिडकीशी येऊन उभे राहतात. तीन वर्षांपूर्वी याच खिडकीतून त्यांनी बी.सी.ए.चा किंवा बी.एस्सी. संगणकशास्त्राचा अर्ज नेलेला असतो. आता त्यांचा प्रश्न असतो, "सर, पुढे काय करता येईल?" त्यास मिळणारे उत्तर पुष्कळदा असे असते की, जे करता आले असते त्याची मुदत हिवाळ्यातच संपली. काहींच्या वाट्यास याहून कटू उत्तर येते. परीक्षा देता येईल, परंतु तिच्यात गणित आहे, आणि गणित तर तुम्ही अकरावीतच सोडले. एकवीस वर्षांच्या तरुणाची वाट त्याने सोळाव्या वर्षी, बहुधा दुसऱ्याच कोणाच्या सांगण्यावरून घेतलेल्या निर्णयाने अडावी, ही गोष्ट शिक्षकांनी आणि पालकांनी गंभीरपणे विचारात घ्यावी अशी आहे.

शिक्षणासाठी घरापासून दूर जाणे या जिल्ह्यास नवे नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि तेथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. १९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५८ साली मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले. १९८३ साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोकळीक दिली, त्याच वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. १९९४ साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ निघून शेजारचा लातूर तिकडे गेला, धाराशिव मात्र छत्रपती संभाजीनगरच्या कक्षेतच राहिले. पुढे विद्यापीठाचा उपपरिसर येथे झाला, ही समाधानाची बाब होय. तरीही मुख्य विद्यापीठ आपल्यापासून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आणि परक्या कक्षेतील सोलापूरचे विद्यापीठ अवघ्या सत्तर किलोमीटरांवर, ही भूगोलाची गंमत आपले विद्यार्थी अजून भोगीत आहेत. नीती आयोगाने २०१८ साली महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांची आकांक्षित जिल्हे म्हणून निवड केली त्यांत आपला जिल्हा होता. अशा जिल्ह्यात माहितीचा अभाव हादेखील दारिद्र्याचाच एक प्रकार असतो.

म्हणून प्रथम मार्गांची माहिती स्पष्टपणे मांडणे अगत्याचे आहे. संगणकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणाचे ढोबळमानाने तीन रस्ते आहेत. पहिला एम.एस्सी. संगणकशास्त्राचा. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम विद्यापीठांच्या आणि विज्ञान महाविद्यालयांच्या हाती आहे, आणि ज्याने पदवीस संगणकशास्त्र घेतले त्यास तो जवळचा वाटतो. प्रवेशाचे नियम विद्यापीठागणिक वेगळे. पुणे विद्यापीठाच्या विभागांत त्यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तर अनेक केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून देशव्यापी सामायिक परीक्षा घेतली जाते. ज्यास अध्यापन किंवा संशोधन करावयाचे आहे त्याच्यासाठी हा रस्ता विशेष उचित.

दुसरा रस्ता एम.सी.ए.चा. पूर्वी तीन वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला. आपल्या राज्यात त्याचे प्रवेश सामायिक प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर आणि केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून होतात. पदवीस किमान पन्नास टक्के, राखीव प्रवर्गांस पंचेचाळीस टक्के गुण हवेत. परीक्षेत गणित व संख्याशास्त्र, तर्कबुद्धी, इंग्रजी आणि संगणकाची मूलतत्त्वे असे चार भाग असतात. वरंगळ, तिरुचिरापल्ली आदी ठिकाणच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतही एम.सी.ए. आहे. त्यांची परीक्षा स्वतंत्र असते, सर्वसाधारण उमेदवारास पदवीचे साठ टक्के लागतात, आणि पदवीला गणित अथवा संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो.

तिसरा रस्ता एम.टेक.चा, म्हणजे मुख्यतः अभियंत्यांचा. तेथे 'गेट' या परीक्षेचे महत्त्व मोठे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आय.आय.टी. ही परीक्षा पाळीपाळीने घेतात. तिचे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात, आणि त्या बळावर मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळविणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ती देऊ शकतो आणि एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. झालेल्यांनाही काही संस्थांच्या एम.टेक.चे दार तिच्यामुळे उघडते, हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असते. याशिवाय १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या आणि १९९१ च्या 'परम' महासंगणकामुळे नावारूपास आलेल्या 'सी-डॅक' या संस्थेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. परंतु त्यास केवळ बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. ही पदवी सामान्यतः पुरत नाही. ज्यांना घर सोडणे शक्यच नाही त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा एम.सी.ए. उपलब्ध आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हे तीनही रस्ते ज्या एका नाक्यावरून जातात तो नाका गणिताचा आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अलीकडे एम.सी.ए.साठी गणिताची अट सौम्य केली, गणित नसलेल्यांनी पूरक अभ्यासक्रम पूर्ण करावा अशी सोय ठेवली, हे खरे. (कोणत्या वर्षी नेमकी कोणती अट लागू आहे हे मात्र त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेतच पाहावे, ऐकीव माहितीवर विसंबू नये.) पण अट सौम्य झाली म्हणून गरज सौम्य झाली असे नाही. प्रवेशपरीक्षेत गणिताचे प्रश्न आहेतच. 'गेट'च्या संगणकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत शंभरांपैकी तेरा गुण गणितास आहेत, आणि उरलेल्या विषयांतील गणनपद्धती, रचना, तर्क यांचा पायाही गणितच. ज्याने दहावीनंतर गणिताचे पुस्तक उघडले नाही त्यास ही परीक्षा केवळ नावापुरती खुली आहे.

आणि गणित सुटते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. शेजारच्या लातूरने वैद्यकीय प्रवेशात मिळविलेल्या यशाचा प्रभाव आपल्या घराघरांवर आहे. त्यामुळे विज्ञानशाखेचा विद्यार्थी जीवशास्त्र धरतो आणि ओझे नको म्हणून गणित टाकतो. वैद्यकीय प्रवेश न मिळाल्यास तोच विद्यार्थी संगणकाकडे वळतो. वाणिज्य शाखेत गणित आणि चिटणिसाची कार्यपद्धती यांत निवड करावयाची असते. तेथे 'एस.पी.ला गुण सहज मिळतात' हा सल्ला वडीलकीच्या नात्याने दिला जातो. काही ठिकाणी गणिताचा शिक्षकच नसतो, मग निवडीचा प्रश्नच उरत नाही. यांपैकी कोणताही सल्लागार वाईट हेतूने बोलत नाही. परंतु ज्या दारातून पुढे जावयाचे त्याची चावी आपण घरीच ठेवून निघालो आहोत, हे त्या मुलाला कोणीही सांगत नाही.

दुसरा अडसर कागदपत्रांचा. जातवैधता, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, अधिवास आणि उत्पन्न यांची प्रमाणपत्रे ऐन प्रवेशाच्या आठवड्यात मिळत नसतात. मुदत चुकली की विद्यार्थी केंद्रीय प्रक्रियेबाहेर पडतो आणि संस्थास्तरावरील जागेवर प्रवेश घेतो. अशा जागेवर शुल्कसवलत मिळत नाही. राज्याने जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शुल्कमाफी दिली. पण ती केंद्रीय प्रक्रियेतून येणाऱ्यांनाच. म्हणजे एका दाखल्याच्या दिरंगाईची किंमत शेतकऱ्याच्या मुलीला पूर्ण शुल्काच्या रूपाने मोजावी लागते. माहिती वेळेवर न पोचल्याने काय घडते याचे उदाहरण २०२४ सालीच पाहावयास मिळाले. त्या वर्षी बी.सी.ए. तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला, त्यास प्रथमच सामायिक परीक्षा लागू झाली, आणि अखेर राज्यास त्याच वर्षी अतिरिक्त परीक्षा घेण्याची पाळी आली.

यावर कोणी म्हणेल की, पदव्युत्तर पदवीचा एवढा आग्रह कशासाठी? पदव्यांचे गठ्ठे घेऊन हिंडणारे तरुण आपण पाहतोच, आणि आता तर यंत्रेच आज्ञावली लिहू लागली आहेत. या शंकेत तथ्य नाही असे नाही. पदवी म्हणजे नोकरीची हमी नव्हे, आणि कर्ज काढून कोणत्याही महाविद्यालयात कसाबसा एम.सी.ए. उरकण्यापेक्षा दोन वर्षे प्रत्यक्ष काम शिकणे काहींच्या हिताचे ठरेल. पण जे काम यंत्र करू लागले ते बहुतांशी वरवरचे, घोकून येणारे काम आहे. त्यापलीकडचे जे उरते त्यास तत्त्वाचे, म्हणजे पुन्हा गणिताचेच, ज्ञान लागते. शिवाय पुढे न शिकण्याचा निर्णय विद्यार्थ्याने विचारपूर्वक घेणे वेगळे, आणि दार बंद झाले म्हणून माघारी फिरणे वेगळे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी, कोणता विषय सोडल्यास पुढे कोणता अभ्यासक्रम अवघड होतो, याचा तक्ता मराठीत भिंतीवर लावावा. पदवी महाविद्यालयांनी गणित न घेतलेल्यांसाठी पहिल्याच वर्षी गणिताचा पूरक वर्ग चालवावा, तो अखेरच्या वर्षावर ढकलू नये. कचेरीतील लिपिकांनी दिवाळीनंतर अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची यादी काढून कोणाचा कोणता दाखला राहिला हे पाहिले, तर कित्येकांचे एक वर्ष वाचेल. आणि विद्यापीठाने आपल्या धाराशिव येथील उपपरिसरात प्रवेशपरीक्षांच्या पूर्वतयारीचे व मार्गदर्शनाचे कायमचे केंद्र चालवावे, कारण जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून तेथे एका दिवसात जाऊन येता येते.

विद्यार्थ्यांनीही काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेणाऱ्यास पुढे एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ साली केली आहे. आपल्या संलग्न महाविद्यालयांत ते धोरण २०२४-२५ पासून आल्यामुळे त्या तुकडीस तीन वर्षांनी थांबावे की चौथे वर्ष करावे, हे २०२७ साली ठरवावे लागेल. तो निर्णय शेजारच्याने काय केले यावरून होऊ नये, मूळ पुस्तिका वाचून व्हावा.

हैदराबादेस जाऊन परक्या भाषेत शिकलेल्या पिढीने या भागात शाळा काढल्या, ग्रंथालये काढली. त्यांच्यापुढील अडचणींच्या मानाने आजच्या अडचणी किरकोळ आहेत. एक तक्ता, एक वर्ग, वेळेवर निघालेला एक दाखला. एवढ्यासाठी या जिल्ह्यातील एकाही मुलाची वाट अडू नये, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती पुरी करणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे.