बारा जणांची सहल : राजापुरी, जंजिरा आणि मुरूड

पर्यटक म्हणजे काय, हे लोणावळ्यात राहणाऱ्यांना कोणी समजावून सांगायला नको. पावसाळ्यातला शनिवार उजाडला की दूध आणायला निघालेला माणूस तासाभराने घरी येतो. भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि चिक्कीच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा राहत नाही. आम्ही मावळची माणसे वर्षानुवर्षे यजमान. स्वतः पाहुणे होऊन कुठे जायचे म्हटले, तर लग्न, मय्यत किंवा एखादा उरूस, एवढीच आमची मजल. मुलांना घेऊन केवळ पाहण्यासाठी, शिकण्यासाठी बाहेर पडणे आपल्या बऱ्याच घरांत अजून चैनीत मोजले जाते.

त्यात पाण्याचे नाव काढले की घरातली वडीलधारी माणसे हात वर करतात, आणि त्यांचे चूक नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते दृश्य मोबाइलवर साऱ्या देशाने पाहिले, आम्ही तर ती वाट रोज तुडवणारे. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. सहलीचा दिवस, दुपारची वेळ आणि आपलीच मुले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत 'मुरूड' हा शब्दच नकोसा झाला.

तरीही या हिवाळ्यात आम्ही मुरूडलाच गेलो. मुलांच्या पाठ्यपुस्तकात जंजिरा दोन ओळींत येतो आणि निघून जातो. आमच्यापैकी काहींनी तर तो फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. भीतीपायी मुलांना समुद्र दाखवायचाच नाही, की नियम घालून, सोबत जाणकार घेऊन दाखवायचा, यावर चार घरांत आठवडाभर चर्चा झाली आणि दुसरी बाजू जिंकली.

ठरले ते असे : माणसे बाराच. लोणावळा, कामशेत आणि वडगाव इथल्या चार घरांतली सहा मोठी माणसे, पाच मुले आणि एक दादी. चाळीस जणांची बस केली की खर्च कमी पडतो खरा, पण त्यात कोण मागे राहिले ते कळत नाही आणि गाइडचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. बारा जण एका नजरेत मावतात. प्रत्येक मोठ्या माणसाकडे एकेका मुलाची किंवा दादींची जबाबदारी दिली. गाडीतून उतरताना, होडीत चढताना आणि होडीतून उतरताना मोजणी. समुद्रात पोहायला कोणीही उतरायचे नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. हा नियम निघण्यापूर्वीच मुलांच्या तोंडून वदवून घेतला.

फजरची नमाज पढून गाडी निघाली. घाट उतरून खोपोली, मग पाली, रोहा करत मुरूड. रोह्याच्या पुढे डोंगर ओलांडला की हवा बदलते. अंगावरचा स्वेटर निघतो आणि नारळी-पोफळीच्या बागा सुरू होतात. मुरूडवरून पुढे राजापुरी हे खाडीच्या तोंडाशी वसलेले छोटे गाव. तिथल्या धक्क्यावरून किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या सुटतात. गावात कोळी आहेत, कोकणी मुसलमान आहेत आणि होडीवर दोघांची पोटे चालतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो तेव्हा ही वाहतूक बंद असते, म्हणून जायचे ते दिवाळीनंतर, उन्हे तापायच्या आत.

आमची होडी शिडाची होती. तांडेलाने शीड वाऱ्याला दिले आणि इंजिनाच्या आवाजाशिवाय ती पाणी कापू लागली, तेव्हा मुलांची बडबड आपोआप थांबली. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातले होते. दादींनी आधी नको म्हटले, मग नातवाने स्वतःच्या हाताने त्यांचे पट्टे बांधले. किल्ला समोर दिसतो, पण दरवाजा काही दिसत नाही. अखंड तटबंदीच दिसत राहते. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडून तो एकदम प्रकट होतो. शत्रूच्या जहाजाला दुरून दार सापडू नये, ही बांधणाऱ्याची अक्कल. दाराशी लाटेबरोबर होडी वर-खाली होते आणि ती वर आली की पायरीवर पाय टाकायचा असतो. इथे घाई नको. बुरखा किंवा साडी असेल तर घेर आधीच नीट आवरून घ्यावा, दोन्ही हात मोकळे ठेवावेत, पर्स आणि मोबाइल पिशवीत टाकावेत.

गाइड राजापुरीतलाच तरुण होता. गाइड मंडळींचे सांगणे मोठे रंगतदार असते : बावीस एकरांचा किल्ला, बावीस वर्षे बांधकाम, बावीस बुरूज, समुद्राखालून राजापुरीपर्यंत जाणारे भुयार. मुलांसाठी आम्ही वहीत तीन रकाने आखून नेले होते : 'पाहिले', 'ऐकले' आणि 'वाचले'. भुयार गेले 'ऐकले'मध्ये. बुरुजांची संख्या पुस्तकांत साधारणपणे १९ अशी येते, ती 'वाचले'मध्ये. आणि दारावरचे शिल्प, ज्यात वाघासारखा एक प्राणी पायांत, तोंडात आणि शेपटीत हत्ती पकडून उभा आहे, ते 'पाहिले'मध्ये. गाइडला हा खेळ इतका आवडला की मग तोच विचारू लागला, "हे कुठल्या रकान्यात टाकणार?" वर्गात इतिहास शिकवताना जे साधत नाही, ते पाऊण तासात साधले. ऐकलेली गोष्ट खोटीच असते असे नाही, पण ती ऐकलेली आहे हे लक्षात ठेवायला हवे.

जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट, यावरून आला. आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि राम पाटील हा त्यांचा पुढारी. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात तो त्यांच्याकडून घेतला गेला आणि दगडी किल्ला उभा राहिला. मग तो सिद्दींच्या हाती आला. सिद्दी म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हिंदुस्थानात आलेले हबशी लोक. आत कलालबांगडी ही प्रचंड तोफ आहे, तिच्या जोडीला चावरी आणि लांडा कासम. सुरूलखानाच्या वाड्याच्या भिंती झाडाझुडपांतून वर डोकावतात, मशीद पडक्या अवस्थेत आहे. पण आम्हाला सर्वांत थक्क केले ते दोन गोड्या पाण्याच्या तलावांनी. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मध्ये पिण्याजोगे पाणी! किल्ला इतकी शतके का टिकला, याचे अर्धे उत्तर तोफांत असेल, तर अर्धे या पाण्यात आहे.

परतीच्या होडीत आमच्याबरोबर आणखीही पर्यटक होते. गाइड म्हणाला, हा किल्ला कोणालाच लढून जिंकता आला नाही. त्यावर मागून एकाने आमच्या दिशेने पाहत म्हटले, "तुमच्याच लोकांचा ना!" आवाजात फार विष नव्हते, पण मुलांना तो बरोबर लागला. कोणी काही बोलायच्या आत तांडेल सुकाणूवरून म्हणाला, "किल्ला गावाचा हाय दादा. तो हाय म्हणून आमची चूल पेटते." होडीत हसू पसरले. पण सातवीत शिकणाऱ्या मुलाने धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारले, "मग आपण कोणाच्या बाजूचे? सिद्दीच्या की शिवाजी महाराजांच्या?"

हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी येतो, म्हणून आम्ही दिलेले उत्तर इथे सविस्तर लिहितो. जंजिऱ्याची लढाई किनारपट्टीची, बंदरांच्या जकातीची आणि समुद्रावरच्या सत्तेची होती. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक मोठा अधिकारी दौलतखान होता आणि तो सिद्दीविरुद्ध लढला. सिद्दी मिस्री हा सिद्दींच्याच नात्यातला सरदार संभाजी महाराजांच्या बाजूने लढला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती, पण मोगल फौज कोकणात उतरल्याने त्यांना सैन्य तिकडे वळवावे लागले. सिद्दी मोगलांचे आरमार सांभाळत. त्यासाठी त्यांना सुरतेच्या उत्पन्नातून पैसा मिळे आणि हजला जाणाऱ्या जहाजांचे रक्षण हाही त्या कामाचा भाग होता. दोन्हीकडच्या जहाजांवर वल्ही मारणारे हात मात्र याच किनाऱ्यावरचे. मुलाला म्हटले, "तीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत तुला आज बाजू घ्यायची नाही. तुला फक्त नीट वाचायचे आहे. महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग तो बघ समोर, तोही तुझाच आणि हा जंजिराही तुझाच." तो वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत बसला. काय लिहिले ते आम्ही विचारले नाही.

राजापुरीजवळच खोकरी इथे सिद्दींचे घुमटदार मकबरे आहेत. तिघांपैकी सर्वांत मोठा सुरूलखानाचा, इतर दोन खैरियतखान आणि याकूतखान यांचे. गर्दी इकडे वळत नाही, म्हणून इथे फातिहा पढून निवांत बसता आले. मुरूड गावात शिरताना नवाबांचा अहमदगंज राजवाडा लागतो. तो १८८५ मध्ये नवाब सिद्दी अहमदखान यांनी बांधला. राजवाडा खाजगी आहे, आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच पाहायचा. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले.

पण या वाड्याची एक गोष्ट आपल्या घरांतल्या मुलींना सांगायलाच हवी. याच नवाबांच्या बेगम नाजली रफिया १९०८ मध्ये युरोपला गेल्या आणि तिथे काय पाहिले ते त्यांनी 'सैर-ए-यूरोप' या उर्दू पुस्तकात लिहिले. त्यांची बहीण अतिया फैजी त्याआधीच, १९०६ मध्ये, लंडनला गेली होती, आणि कशासाठी? तर शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी! तिने तिथून लिहिलेला वृत्तान्त लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वान' या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून आला. १८९८ मध्ये सुरू झालेल्या त्या साप्ताहिकाच्या संपादक होत्या मुहम्मदी बेगम. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी एक मुसलमान बाई घराबाहेर पडून जग पाहत होती, दुसरी ते छापत होती आणि परद्यात बसलेल्या हजारो जणी वाचत होत्या. बी.एड.च्या वर्गात शिक्षणाचा इतिहास शिकताना हे नाव आमच्या कानावर कधी आले नाही. वाड्याच्या फाटकापाशी उभे राहून हे सांगितले, तेव्हा नववीतली मुलगी म्हणाली, "म्हणजे 'मुलींनी कुठे फिरायचे असते का' हे नंतर सुरू झाले!" तिच्या दादींनी तिच्याकडे पाहिले, पण काही बोलल्या नाहीत.

जेवण राजापुरीत एका घरी सांगून ठेवले होते : तांदळाची भाकरी, सुरमई, नारळाच्या दुधातले कालवण आणि सोलकढी. जोहरची नमाज मुसाफिर म्हणून कसर पढलो. असरची अजान मात्र आमच्या लोणावळ्याच्या वेळेपेक्षा लवकर ऐकू आली, तेव्हा मुले गोंधळली. कोकणातले मुसलमान शाफई आहेत, आपण हनफी, त्यांच्याकडे असरची वेळ आधी सुरू होते, हे तिथेच समजावले. पुस्तकातला मसला कानांनी ऐकायला मिळाला.

जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे :

१. दहा ते पंधरा जणांपेक्षा मोठा गट करू नका आणि प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस नेमा.

२. होडीचे तिकीट, गाइडचे पैसे आणि किल्ल्यावर मिळणारा वेळ धक्क्यावरच आधी विचारून घ्या. नंतर वाद होत नाहीत. होडीवाले साधारण पाऊण तास देतात. म्हातारी माणसे सोबत असतील तर जास्त वेळ मागून घ्या.

३. लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवू नका. होडी भरून वाहत असेल तर पुढच्या होडीची वाट पाहा. अर्ध्या तासाने काही बिघडत नाही.

४. बायका, मुले आणि वृद्ध यांनी स्वच्छतागृहाची सोय होडीत चढण्यापूर्वीच पाहावी. पाण्याची बाटली आणि टोपी सोबत असावी, चपला घसरणाऱ्या नकोत.

५. मुरूडची पुळण सुंदर आहे. ती पुळणीवरूनच पाहा. भरती-ओहोटीचे वेळापत्रक गावकऱ्यांना विचारा आणि ते सांगतील ते ऐका.

६. गाइडला प्रश्न विचारा आणि त्याला पुरता मोबदला द्या. त्याचे गाव, त्याचा समुद्र, त्याची मेहनत. आपल्या मावळात येणारे पाहुणे आपल्याशी जसे वागावेत असे आपल्याला वाटते, तसे आपण तिथे वागावे.

खर्चाची वही चारही घरांत वाटून घेतली, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एका साध्या लग्नाच्या आहेराइतके पैसे आले. पुढच्या हिवाळ्यात विजयदुर्गला जाऊ या, असा मुलांचा आग्रह सुरू झाला आहे. यंदा 'पाण्याजवळ नको' म्हणणाऱ्या दादींनी या वेळी एवढेच विचारले, की तिथली होडी शिडाची असते का.