त्यांच्या जीपला डोंगर, आमच्या शेळीला नोटीस



पुण्या-मुंबईच्या सुस्थितीतल्या वर्गात एक छंद जोर धरतो आहे. चारही चाकांना ताकद देणारी जीप घ्यायची, तिला मोठे टायर चढवायचे आणि चिखल, ओढे, दगडधोंड्यांतून ती हाकायची. याला ते ऑफ-रोडिंग म्हणतात. जंगलात शिरले तर वनखाते अडवते, शेतात शिरले तर शेतकरी. म्हणून आता वर्गणी काढून स्वतःची जमीनच विकत घ्यायची, असा बेत हौशी गटांत शिजतो.

कुणी म्हणेल, ते स्वतःच्या पैशाने घेतात, तुमच्या पोटात का दुखते? प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याच्या बांधावरून आणि जंगलातून गाड्या घालण्यापेक्षा स्वतःच्या जागेत खेळणे केव्हाही बरे, हेही खरे. पण जमीन म्हणजे दुकानातला टायर नव्हे. ती वाढत नाही. एकाने घेतली की दुसऱ्याची गेली. म्हणून विचारायचे ते एवढेच: ती कुणाची जाते?

यांना उसाचा मळा नको असतो. यांना हवा उतार, मुरूम, ओढा, माळ. शहरी माणूस या जमिनीला 'पडीक' म्हणतो. गावकुसाबाहेरच्या माणसाची शेळी तिथेच चरते, चुलीचे सरपण तिथूनच येते. आणि सरकारी योजनेतून भूमिहीनाच्या वाट्याला जमीन आलीच, तर तीही बहुधा अशीच हलकी, माळाची असते.

त्या योजनेचे नाव कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतल्या दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन मिळावी, हा तिचा हेतू. २०१८ पासून ती १०० टक्के अनुदानावर आहे आणि सरकार जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला एकरी ८ लाखांपर्यंत भाव देऊ शकते. आता हिशोब करा. समजा, वीस हौशी लोकांनी प्रत्येकी ५ लाख काढले. झाले १ कोटी. हा गट माळरानाला एकरी १० लाख मोजायला तयार झाला, तर विकणारा समाजकल्याण खात्याकडे ५ लाखांना कशाला येईल? मग खाते लिहिते, 'जमीन उपलब्ध नाही'. जमीन असते हो! फक्त तिचा भाव खेळाने ठरवलेला असतो, भुकेने नाही. ४ एकर जिरायतीचे सरकारी दराने २० लाख होतात. तेवढ्यात आज एक सजवलेली जीप येते. एका कुटुंबाचा पिढ्यांचा आधार आणि एकाचे रविवारचे खेळणे, दोन्हींची किंमत सारखी!

कायदा काय म्हणतो तेही बघा. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात लागू असलेल्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मात्र घेऊ शकणाऱ्यांत शेतकऱ्याच्या बरोबरीने शेतमजुरालाही धरले आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमची मजुरी करणारी आई त्या जमिनीची हक्कदार ग्राहक आहे आणि शहरातला जीपवाला नाही. मग पळवाट निघते. गटातल्या ज्याच्या घरी सातबारा आहे त्याच्या नावावर खरेदी, पैसे सगळ्यांचे. असा व्यवहार तुमच्या तालुक्यात दिसला, तर तहसीलदाराला लेखी विचारा: शेतजमिनीचा वापर बदलण्याची परवानगी कुठे आहे? यात महार वतनाची जमीन आहे का? असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी दाखवा.

आता गायरानाकडे या. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाला 'अतिक्रमणधारक' म्हणतात. २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा दाखला देऊन त्याला नोटीस बजावली जाते. पण त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपवाद ठेवला आहे: सरकारी आदेशाने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिलेला असेल, तर नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. महाराष्ट्राचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय तर १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्यासाठीच निघाला होता. निकालाचा अर्धा भाग वाचणाऱ्या साहेबांना उरलेला अर्धा वाचून दाखवणे, हे आपले काम आहे.

हे जमिनीचे भांडण आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करून जातिभेद न मानता गावकऱ्यांनी सामूहिकपणे कसावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, अशी मांडणी केली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ च्या भूमी सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. आणि आज? २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती देशाच्या १६.६ टक्के, पण कृषी गणनेत वहिवाटीखालची जमीन त्यांच्याकडे साडेआठ टक्क्यांच्या आसपास. त्या तुरुंगवासाचे देणे अजून फिटलेले नाही.

आता जरा आपल्याकडेही बघू. जीपवाल्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. एकट्याला झेपत नाही ते वर्गणीने होते, हे त्यांना कळले. वर्गणी आपल्यालाही येते. जयंतीला गल्लीगल्लीत लाखो रुपये उभे राहतात आणि डीजेच्या भिंतीपुढे एका रात्रीत संपतात. त्यातला निम्मा पैसा दरवर्षी बाजूला ठेवला, तर वस्तीच्या नावे सहकारी शेती संस्था नोंदवता येईल. मोजणीची फी भरता येईल, वकील लावता येईल, दहा वर्षे रखडलेला योजनेचा अर्ज पुढे ढकलता येईल. तालुक्यात कोण जमीन विकतो आहे याची यादी आपल्या पोरांकडे दलालाच्या आधी असली पाहिजे.

आणि सरकारकडे मागणी एकच, पण ठाम. योजनेचा एकरी दर बाजारभावाला जोडा, आणि हौसेसाठी शेतजमिनीचा वापर बदलण्याआधी त्या गावातल्या भूमिहीनांच्या प्रलंबित अर्जांचा निकाल लावा. आधी पोट, मग खेळ. येत्या ग्रामसभेत हा ठराव लेखी मांडा, इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि त्याची नक्कल हातात आल्याशिवाय उठू नका.

जय भीम!