पाहुण्यांच्या घरचे पाणी



गेल्या महिन्यात मानखुर्द येथील आमच्या सोसायटीच्या कार्यालयात वार्षिक स्नेहसंमेलनाची सभा भरली होती. केटररने पदार्थांची यादी पुढे ठेवली. त्यात पाचव्या क्रमांकावर ‘जैन हक्का नूडल्स’ होते. कांदा, लसूण, आले, गाजर, बटाटा यांपैकी काहीही पडणार नाही. कोबी आणि सिमला मिरची एवढेच, असे त्याने न विचारताच सांगितले. दर ठरला, ताटांची संख्या ठरली. तेवढ्यात आमच्यातल्या एका तरुण व्यापारी मित्राने विचारले, “पण काका, हे हक्का म्हणजे काय? सॉसचे नाव आहे का?”

कोणी म्हणाले, शेवयांचा प्रकार असावा. कोणी म्हणाले, एखाद्या चिनी शहराचे नाव असावे. मानखुर्द स्थानकाबाहेर सायंकाळी लागणाऱ्या गाड्यांवर, लग्नाच्या पंगतीत, मुलांच्या वाढदिवसाला हा शब्द आपण वर्षानुवर्षे वाचतो आणि खातो. पण त्याचा अर्थ विचारण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. मला तो ठाऊक होता. तो ज्या रीतीने ठाऊक झाला, ती हकिकत मात्र मी आजवर घरीही पुरती सांगितलेली नाही.

‘हक्का’ हे माणसांचे नाव आहे. त्यांच्या बोलीत ‘हक’ म्हणजे पाहुणा आणि ‘का’ म्हणजे घर किंवा कुटुंब. हक्का म्हणजे पाहुण्यांची कुटुंबे. युद्धे आणि दुष्काळ यांमुळे हे लोक शतकानुशतके उत्तर चीनमधून दक्षिणेकडे सरकत गेले. जेथे पोहोचले तेथे सपाटीची चांगली शेते आधीच्या रहिवाशांकडे होती, म्हणून यांच्या वाट्याला डोंगरउतार आले. आधीच्या लोकांनी त्यांना पाहुणे म्हटले आणि ते नाव पिढ्यानपिढ्या टिकले. पाहुणे आणि मूळचे यांच्यात १८५५ ते १८६७ या काळात दक्षिण चीनमध्ये भीषण यादवीही झाली. डोंगरात राबावे लागे म्हणून हक्का स्त्रियांनी पाय बांधण्याची चिनी रूढी कधी स्वीकारली नाही. फूच्येन प्रांतात त्यांची मातीची प्रचंड गोल घरे आजही उभी आहेत. एकच दरवाजा, तळाला स्वयंपाकघरे, त्यावर धान्याची कोठारे, वरच्या मजल्यांवर निजण्याच्या खोल्या आणि मधोमध पूर्वजांचे देवघर. आपल्याकडील चौसोपी वाडा गोल करून चार मजले चढवावा, तसे हे घर. त्यांतील सेहेचाळीस घरे २००८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवली.

मी तेथे गेलेलो नाही. मला हक्का भेटले ते कोलकात्याच्या तांग्रा भागात.

१९९३ साली बँकेने माझी बदली कोलकात्यास केली. एके दिवशी सहकारी रजेवर असल्याने त्याच्याकडील एका कॅश क्रेडिट खात्याच्या गहाण साठ्याची तपासणी माझ्याकडे आली. पत्ता तांग्राचा, धंदा कातडी कमावण्याचा. मी शाखाधिकाऱ्यांना माझी अडचण सांगितली. ते म्हणाले, “साठा मोजायचा आहे, विकत घ्यायचा नाही.” मी गेलो.

मीकोंगकडे नव्हे, दक्षिण चीनमधील मेइश्येन या हक्कांच्या मुलुखातून आलेल्या लोकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या पूर्वेकडील या दलदलीच्या जागेत कारखाने घातले होते. शहरातल्या बेंटिंक स्ट्रीटवरची चपला-बुटांची दुकानेही त्यांचीच. जो धंदा करायला इतर कोणी सहजी पुढे येत नव्हते, तो त्यांनी उचलला. उंच भिंती, लोखंडी फाटके, उघड्या गटारांतून वाहणारे निळसर पाणी आणि असह्य दर्प. मी फाटकापासूनच नाकाला रुमाल लावला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही.

खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड अशी तेथील रीत. मालक साठीचे होते. हिंदी बंगाली वळणाची, वह्या मात्र इतक्या स्वच्छ की माझ्यातला एम. कॉम. सुखावला. काम संपल्यावर त्यांनी मला वरच्या मजल्यावर बसवले. त्यांच्या वृद्ध मातोश्री झाकणाच्या पेल्यातून दूध नसलेला चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, “मी जैन आहे. मी येथे काही घेणार नाही.” शब्द हेच होते; स्वर कसा होता हे मला आठवते आणि ते आठवू नये असे वाटते.

मालक हसून म्हणाले, “आमचा रसायनांचा व्यापारी जैनच आहे. तो उकळलेले पाणी घेतो. आमच्या घरीही पाणी उकळूनच पितात.” त्यांनी आईला त्यांच्या बोलीत काही सांगितले. ती माउली आत जाऊन दुसरा, स्वच्छ पेला घेऊन आली. त्यातून वाफ येत होती. मी हात हलवून नको म्हटले. तिने पेला दोन्ही हातांनी उचलून परत नेला. मालकांनी विषय बदलला.

त्या विषयांतरातच त्यांनी मला ‘हक्का’चा अर्थ सांगितला. त्यांच्या पत्नीचे माहेर आसामातील माकुमचे. १९६२ च्या चीन युद्धानंतर तेथील चिनी वंशाच्या कुटुंबांना रातोरात उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आले. सुमारे तीन हजार लोक तेथे कोंडले गेले. काहींची सुटका होण्यास वर्षे लागली. त्यांपैकी कित्येकांचा जन्म भारतातच झालेला होता. “आम्ही पाहुणेच ना,” ते म्हणाले. मी मान डोलावली, अहवालावर सही घेतली आणि निघालो.

चामड्याचा धंदा मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. त्याविषयी मला संकोच नाही. पण निवृत्तीनंतरच्या मोकळ्या वेळात माणूस स्वतःचीच खाती तपासू लागतो, तेव्हा काही नोंदी टोचतात. त्या कर्जाचे व्याज बँकेच्या उत्पन्नात जमा होत होते आणि त्या उत्पन्नातून माझा पगार निघत होता. तो घेताना मी नाकाला रुमाल लावला नव्हता. आणि त्या पेल्यात अभक्ष्य असे काय होते? उकळलेले पाणी होते. मी जे टाळले ते पाप नव्हते, ती माणसे होती. व्रताचे नाव मी फक्त पुढे केले.

दुसरी टोचणी अधिक जवळची. माझे पणजोबा मारवाडातून तांब्या आणि दोरी घेऊन नगर जिल्ह्यातील एका खेड्यात आले. गावाने त्यांना पाटलाच्या वाड्याची ओसरी निजायला दिली. चार पिढ्या झाल्या, आम्ही मराठीत शिकलो, मराठीत हिशेब लिहिले. तरी गावात आमच्या घराची खूण ‘मारवाड्याचे घर’ हीच राहिली. मग पाहुण्यांची कुटुंबे आणखी कोणाला म्हणायचे?

पुढे हक्कांविषयी जसजसे वाचत गेलो, तसतसे हे साम्य वाढत गेले. फिरस्तीत आणि डोंगरात ताजी भाजी कोठून मिळणार? म्हणून ते मोहरीचा पाला खारवतात आणि उन्हात वाळवून वर्षभर ठेवतात. आपल्या घरच्या केर-सांगरी, वड्या आणि खाखरे हे तरी दुसरे काय आहेत? प्रवासी समाजाचे स्वयंपाकघर टिकाऊ पदार्थांवर उभे असते. त्यांच्या ताटात मांस असते आणि तेथे आपली वाट वेगळी होते. पण ‘लेइछा’ नावाचे त्यांचे एक पेय आहे. चहाची पाने, तीळ आणि शेंगदाणे खलात घोटून त्यावर गरम पाणी ओतायचे. हे वाचताना मला आजीचा खलबत्ता आठवला. भांडवल उभे करण्यासाठी चिनी समाजात जगभर आपल्या भिशीसारखीच पद्धत चालते. ज्याला परक्या गावात बँक दारात उभी करत नाही, तो आपल्या माणसांच्या शब्दावर धंदा करतो. हे निवृत्त बँक अधिकाऱ्याने कबूल करावे, हे बरे.

आणखी एक गंमत. ज्याला आपण ‘हक्का नूडल्स’ म्हणतो, तो पदार्थ त्यांच्या डोंगरी गावांचा नव्हे. तेथे मुख्य अन्न भात. भारतातील चिनी आचाऱ्यांनी आपल्या जिभेला रुचेल असे केलेले हे रूप येथलेच. मंचुरियनचा जन्म तर मुंबईचाच. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात तो प्रथम केला, असे सांगितले जाते. म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या चवीचा विचार करून रांधलेले हे अन्न. त्यात ‘जैन’ हा शब्द जोडला जाईपर्यंत तो विचार पोहोचला.

२०१८ साली शिखरजींच्या यात्रेहून परतताना आम्ही उभयता कोलकात्यात दोन दिवस थांबलो. सौभाग्यवतींना मी कारण न सांगता तांग्राला नेले. दर्प जवळजवळ नव्हता. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या कारणावरून तांग्रा, तिलजला, तोपसिया येथील कातडीचे कारखाने बानतला येथे हलवण्याचा आदेश दिला होता. त्यानंतर कित्येक कारखान्यांची उपाहारगृहे आणि गोदामे झाली, आणि तरुण पिढी मोठ्या संख्येने कॅनडात, विशेषतः टोरांटोत गेली. तेथेही त्यांची ‘हक्का’ उपाहारगृहे आहेत आणि त्यांत भारतीय गर्दी करतात. पाहुणे पुन्हा एकदा पाहुणे झाले. वाटेत एक कालीमातेचे देऊळ लागले. चिनी भाविकांनी उभारलेले; तेथे प्रसादाला नूडल्स असतात.

ते लोखंडी फाटक मी ओळखले. आत आता कोणाचे तरी गोदाम होते. पहारेकऱ्याने सांगितले, जुने मालक वारले, मुले परदेशी गेली. मातोश्रींविषयी विचारण्यात अर्थ नव्हता.

जवळच्या एका चिनी उपाहारगृहात आम्ही बसलो. गल्ल्यावरच्या मध्यमवयीन बाईंना मी म्हणालो, “आम्ही जैन आहोत. आम्हाला फक्त गरम पाणी मिळेल का? जेवणाचे पैसे घ्या.” त्या म्हणाल्या, “पाण्याचे कसले पैसे?” आणि स्टीलचे दोन स्वच्छ पेले घेऊन आल्या. मी पाणी प्यालो. ते पंचवीस वर्षे उशिरा प्यालेले पाणी होते आणि ज्यांच्या हातून घ्यायचे त्यांच्या हातचे नव्हते. सौभाग्यवतींनी विचारले, “एवढ्यासाठी येथे आलो?” मी हो म्हटले.

दरवर्षी संवत्सरीला आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. आता तर शेकडो जणांना एकाच वेळी संदेश धाडतो, आणि त्यांतील बहुतेकांचे आपण काही बिघडवलेले नसते. ज्यांचे बिघडवले, त्यांचा क्रमांक आपल्याकडे नसतो. माझ्या क्षमापनेच्या यादीत तेव्हापासून एक बिननावाची नोंद आहे.

तरुण वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते. व्यवसायासाठी तुम्ही आता ग्वांगझूला जाता, हाँगकाँगला जाता, परक्यांच्या मेजावर बसता. नियम अवश्य पाळा. त्याविषयी लाजू नका. पण ‘मी हे घेत नाही’ हे सांगताना ‘तुमच्या हातचे घेत नाही’ असा अर्थ निघू देऊ नका. जे घेता येते ते आपण होऊन मागा. गरम पाणी मागा, एखादे फळ मागा. यजमानाला काहीतरी देऊ देणे, हेही पाहुण्याचे कर्तव्य आहे.

सभेत हे सारे मी सांगितले नाही. “हक्का म्हणजे पाहुण्यांची कुटुंबे,” एवढेच म्हणालो. तो तरुण मित्र क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे आपल्यासारखीच की, काका.” केटररने यादी पुढे सरकवली आणि पाचव्या क्रमांकापुढे आम्ही बरोबरची खूण केली.